सातबारा कोरा, माती मात्र नाही

जमिनीचा सौदा ठरत आला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहीर नोटीस येते. अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत. तिच्यावर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, वहिवाट असा काही हक्क असल्यास १४ दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, नपेक्षा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. इकडे वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, फेरफार उलगडतो, कुठल्या बहिणीची सही राहिली आहे का ते पाहतो. एवढा बंदोबस्त झाला की घेणारा निश्चिंत होतो. त्याच ३० वर्षांत त्या जागेवर काय चालायचे, सांडपाणी कुठे सोडले जायचे, मागच्या कोपऱ्यात काय पुरले होते, हे मात्र ना सर्चमध्ये येते, ना नोटिशीत. बहुतेक वेळा ते बोलण्यातही येत नाही.

पूर्वी ते चालून जात असे. आज महाराष्ट्रात विकायला निघणाऱ्या मोक्याच्या जमिनींत वापरून झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत: बंद पडलेले रासायनिक कारखाने, प्लेटिंगच्या शेड, डाइंग हाऊस, जुने पेट्रोल पंप, गॅरेज, भंगाराची गोदामे, बुजवलेली डम्पिंग ग्राउंड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले. त्यांत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर हे पाच आपले. २०१८ च्या फेरीत तारापूर देशात पहिले आले. डोंबिवलीत फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. रस्ता खरवडून पुन्हा करता येतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लॉटखाली काय मुरले आहे, ते कोणी पाहिले नाही. तिथले धोकादायक कारखाने गावाबाहेर हलवायचे असे सरकारने म्हटले आहे. ते हलले की प्लॉट रिकामे होतील, आणि डोंबिवलीत रिकाम्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. हा लेख त्या गिऱ्हाइकासाठी आहे, आणि थोडा विकणाऱ्यासाठीही.

आपल्या जमिनीची ठेवणच अशी आहे की दोष झाकला जातो. दख्खनवर काळ्या मातीचा थर, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बेसॉल्ट. काळी माती ओली असताना पाणी अडवते, म्हणून लोक समजतात की वरचे वर राहते. पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर साचलेले सगळे मुरमापर्यंत पोहोचते. कातळात गेल्यावर ते कुठल्या भेगेने कुठे निघेल याचा नेम नसतो. शेजारच्या बोअरला काही लागत नाही आणि चार प्लॉट सोडून पलीकडच्या विहिरीला रंग येतो. कोकणातला जांभा तर सच्छिद्रच. लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत खड्ड्यात ओतलेले सांडपाणी जिरायला भूगर्भशास्त्र शिकावे लागत नाही. रसायनांचेही स्वभाव वेगळे. गळक्या टाकीतले पेट्रोल भूजलावर तरंगते. यंत्रांचे सुटे भाग धुवायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. प्लेटिंगमधले षटसंयुजी क्रोमियम पाण्याबरोबर पळते. त्याचा पिवळा रंग दिसला तर नशीब. कमी प्रमाणात असले तर पाणी स्वच्छ दिसते आणि तरी पिण्याजोगे नसते. मालाडच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत संगणक आणि एसी वारंवार बिघडू लागले, त्यामागे जमिनीतून वर येणारे वायू आहेत, अशा बातम्या मुंबईकरांनी २००० नंतरच्या दशकात वाचल्या. इमारत नवी होती, कागद व्यवस्थित होते.

आता कायदा. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत हे तत्त्व आपल्याकडे आहेच, पण ते अगदी मोकाट सोडलेले नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते की मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे म्हणजे कपट, असेही त्याच कलमात आहे. वाचायला छान वाटते. पण त्यात दोन खिंडारे आहेत. एक, हे सगळे पक्षकारांनी वेगळे काही ठरवले नसेल तरच लागू. खरेदीखतात ‘मिळकत आहे त्या स्थितीत, पाहून, खात्री करून घेतली’ हे छापील वाक्य टाकले की विकणाऱ्याच्या वकिलाला लढायला जागा मिळते. दुसरे, ‘साधारण काळजी’ म्हणजे किती? १९५० साली रासायनिक कारखान्याची जागा घेणाऱ्याने माती तपासली नाही तर कोणी बोट ठेवले नसते. आज तारापूरचा प्लॉट माती न तपासता घेणाऱ्याला, मी साधारण काळजी घेतली होती, हे न्यायालयात पटवणे जड जाईल. अज्ञान हे संरक्षण राहिलेले नाही, एवढे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

त्याहून बोचणारी गोष्ट पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ मध्ये आहे. त्यातली ताबेदाराची व्याख्या पाहा: जागेवर ज्याचे नियंत्रण तो, आणि एखाद्या पदार्थाच्या बाबतीत तो पदार्थ ज्याच्या ताब्यात तो. ज्या दिवशी किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी पत्र्याच्या शेडमागचे गाळाचे पिंप तुमच्या ताब्यात आले. ते तुम्ही भरले नव्हते हे खरे, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी आधी गेटवर ज्याचा बोर्ड आहे त्यालाच नोटीस देणार.

‘ज्याने घाण केली त्याने भरावे’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उदयपूरजवळच्या बिच्छडीच्या खटल्यात पक्के केले. तिथे एच-ॲसिड नावाचे रंगोद्योगाचे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला आणि गावांच्या विहिरींचे पाणी निकामी झाले. निकाल लागला, पण कंपनीने अर्जावर अर्ज करून पैसे भरणे इतके लांबवले की २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रक्कम, वर १२ टक्के चक्रवाढ व्याज, असा आदेश द्यावा लागला. तत्त्व घेणाऱ्याच्या बाजूचे आहे, घड्याळ नाही. मधल्या १५ वर्षांत त्या जमिनीचा कोणी नवा मालक असता तर तत्त्वाची प्रत उशाशी घेऊन तो काय करणार होता?

हा प्रश्न जगाने ज्या सौद्यातून ओळखला तो अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स गावात हूकर केमिकल कंपनीने लव्ह कॅनाल नावाच्या अर्धवट कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जागा तिथल्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. गंमत अशी की फसवणूक म्हणावी तर तशी नव्हती. जागा मंडळालाच हवी होती, आणि खाली रसायने आहेत, पुढे काही झाले तर कंपनीवर दावा लावता येणार नाही, असे खरेदीखतात लिहिले होते. मंडळाने सही केली, शाळा बांधली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांत रसायने पाझरू लागली आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. शेकडो कुटुंबे हलवावी लागली. हूकर पुढे ऑक्सिडेंटल कंपनीत गेली होती. त्या कंपनीला १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याला ९ कोटी ८० लाख आणि केंद्र सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर मोजावे लागले. म्हणजे ‘दावा लावणार नाही’ हे कलम विकणाऱ्यालाही वाचवू शकले नाही आणि एक डॉलरचा भाव घेणाऱ्यालाही परवडला नाही. या एका दस्तात दोन्ही बाजूंचे वकील हुशार होते असे म्हणता येईल, आणि दोन्ही पक्ष बुडाले.

त्यातूनच १९८० चा सुपरफंड कायदा आला. त्याने जमिनीच्या चालू मालकालाही सफाईच्या खर्चासाठी धरले, त्याने काही सांडले असो वा नसो. परिणाम उलटाच झाला: जुन्या कारखान्यांच्या जागा कोणी हातात धरेना, शहरांच्या मधोमध ओसाड पट्टे पडून राहिले. म्हणून २००२ मध्ये दुरुस्ती झाली. खरेदीपूर्वी ठरलेल्या पद्धतीने चौकशी केली, नंतर योग्य काळजी घेतली, तर प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण. आज तिथे व्यापारी जागेच्या व्यवहारात पहिल्या टप्प्याची पाहणी (जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, परवाने, मुलाखती, प्रत्यक्ष फेरी) जवळजवळ रिवाजाने होते. संशय आला तर दुसऱ्या टप्प्यात बोअर मारून माती-पाण्याचे नमुने. बँक कर्ज देण्याआधी तो अहवाल मागते. मला यातले सगळ्यात मोलाचे वाटते ते हे: चौकशी करणाऱ्याला कायद्याने बक्षीस दिले. आपल्याकडे चौकशी करणाऱ्याला फक्त माहिती मिळते, आणि माहितीबरोबर जबाबदारी.

इंग्लंडची एक बारीक तरतूदही सौदा करणाऱ्याने ठाऊक करून घ्यावी. तिथल्या दूषित जमिनीच्या नियमावलीनुसार, विकणाऱ्याने सफाईसाठी म्हणून स्पष्टपणे पैसे दिले किंवा तेवढा भाव कमी केला, तर पुढची जबाबदारी घेणाऱ्याकडे सरकू शकते. दोष पूर्ण सांगून विकले तरीही तसेच. आपल्याकडे असा नियम नाही, पण त्यामागचा तर्क कुठल्याही न्यायाधीशाला सुचेल: तुम्हाला माहीत होते, म्हणून तर तुम्ही स्वस्तात घेतलेत.

कंपनीच विकत घेतली तर काय, याचे उत्तर कोडाईकॅनालला आहे. पाँड्स कंपनीने १९८० च्या दशकात अमेरिकेतला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना उचलून तिथे आणला. युनिलिव्हरने जागतिक पातळीवर पाँड्स घेतली आणि कारखाना ओघाने हिंदुस्थान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेली फुटकी काच सापडली, कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्याचा कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला, २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला, आणि मातीत किलोमागे किती मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल यावर पुढेही वर्षानुवर्षे वाद झाला. तो आकडा शेवटी २० ठरला. साबण-क्रीमच्या धंद्यासाठी केलेल्या खरेदीत हा कारखाना म्हणजे एक तळटीप असणार. भोपाळची साखळी आणखी लांब. युनियन कार्बाइडने १९९४ मध्ये भारतीय कंपनीतला हिस्सा विकला, त्या कंपनीचे नाव बदलले, १९९८ मध्ये जागा मध्य प्रदेश सरकारकडे परत गेली, २००१ मध्ये डाऊ केमिकलने मूळ अमेरिकन कंपनी घेतली. प्रत्येक हस्तांतरात कागद पुढे गेले. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा मात्र जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलला. आसपासच्या भूजलाचा प्रश्न अजून तिथेच आहे.

आपल्या सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. उशीर झाला, पण झाले हे चांगले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, संशय खरा वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर; १८९ रसायनांच्या पातळ्या पाहायच्या; घाण करणारा शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदल्या होत्या आणि काम सुरू झालेले होते सातांवर. किरणोत्सर्गी कचरा, खाणी, समुद्रातले तेल आणि घनकचऱ्याची डम्पिंग ग्राउंड या नियमांच्या बाहेर आहेत, आणि सफाई अमुक दिवसांत संपली पाहिजे अशी मुदत नाही. सौद्याच्या दृष्टीने मात्र या नियमांनी एक गोष्ट बदलली. आजवर दूषित जमीन ही कुजबुज होती. आता ती यादीत येऊ शकते. विकणाऱ्याला भीती वाटेल ती या यादीची, आणि तिथून सौद्याचा खरा पेच सुरू होतो.

विकणाऱ्याच्या जागी बसून पाहा. घेणारा म्हणतो, माती तपासतो. अहवाल वाईट आला आणि घेणारा निघून गेला, तर विकणाऱ्याच्या हाती उरते ती न विकलेली जागा आणि तिच्याविरुद्धचा लेखी पुरावा. पुढच्या गिऱ्हाइकाला ‘मला माहीत नव्हते’ म्हणायची सोय गेली. म्हणून तो म्हणतो, प्लॉट हवा तेवढा फिरून बघा, पण बोअर मारायचा नाही. हा नकार नेहमी लबाडीचा नसतो. अनेकदा वडिलांनी चालवलेल्या कारखान्यात नेमके काय काय व्हायचे ते मुलांना खरेच माहीत नसते आणि कळून घ्यायची इच्छाही नसते. घेणाऱ्याने इथे आवाज चढवून उपयोग नाही. तोडगा असतो: तपासणीचा खर्च घेणाऱ्याचा, अहवाल दोघांच्या वकिलांकडे, सौदा मोडला तर घेणाऱ्याने तो वापरायचा नाही आणि इसार बिनबोभाट परत. एवढे देऊनही विकणारा नाहीच म्हणाला, तर तो नकार हाच अहवाल समजावा.

तपासणीआधी पायी फिरून आणि कागद चाळून बरेच कळते, आणि त्याला खर्च नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मागा: कारखाना लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, वर्गातला होता का, काय बनवायचा, किती घातक कचऱ्याची परवानगी होती. मग त्या कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे आणि मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची नोंदपत्रे, मागा. वर्षाला ४० टन गाळ निघेल असे संमतीपत्रात असेल आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्राकडे पाच टनच गेल्याचे दिसत असेल, तर उरलेला गाळ उडून गेलेला नाही. एवढी एक वजाबाकी कुठल्याही प्रयोगशाळेआधी करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी पावसाळ्याआधी आणि नंतर पाहते, त्या भागातल्या नोंदी विचाराव्यात. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे मागे मागे सरकवून पाहावीत: आज सपाट दिसणाऱ्या कोपऱ्यात १५ वर्षांपूर्वी काळे डबके होते का. जुनी नावेही बोलतात. लालबागमध्ये गॅस कंपनी लेन आहे, आणि कोळशाचा गॅस जिथे बनायचा तिथे डांबर उरायचेच.

प्रत्यक्ष जागेवर गेलात तर आधी ऑफिसात चहा घेत बसू नका, मागच्या कुंपणाकडे चला. प्लेटिंगची शेड असेल तर जमिनीवरच्या ॲसिडप्रूफ लाद्यांचे सांधे बघा. ते खाल्लेले असतील तर टाकीतून सांडलेले खाली गेलेच. भिंतीच्या पायाशी हिरवट-पिवळी रेघ आहे का. गटाराचे चेंबर उघडायला लावा. भिंतीबाहेर नाल्याकडे तोंड केलेला तुटका पीव्हीसी पाइप दिसतो का. आणि सगळीकडे गवत असताना एका तुकड्यावर ताजा लाल मुरूम टाकून रोलर फिरवला असेल तर तिथेच पहिला बोअर घ्या. भाव ठरायच्या आठवड्यात कोणी हौसेने मुरूम टाकत नाही. वॉचमनशी बोला. शेजारच्या टपरीवाल्याशी बोला. कारखान्याच्या पाण्याबद्दल त्यांना कन्सल्टंटपेक्षा जास्त माहिती असते, कारण ते तिथे पावसाळ्यातही असतात.

विकणाऱ्याने स्वतःहून अहवाल पुढे केला तर आभार मानून तो नीट वाचा. दहा ठिकाणची माती एकत्र कालवून केलेला एकच नमुना असेल तर त्याचा अर्थ शून्य; एका खड्ड्यातले विष नऊ चांगल्या जागांत विरघळून मर्यादेत बसते. नमुने वरच्या वितीतूनच घेतले, मुरमापर्यंत गेलेच नाहीत, पाण्याचा नमुना भर पावसाळ्यात घेतला, हेही नेहमीचे. आणि अहवाल कोणासाठी केला ते पाहा. विकणाऱ्यासाठी केलेल्या अहवालाबद्दल प्रयोगशाळेने तुम्हाला काहीच आश्वासन दिलेले नसते.

समजा अहवालात क्रोमियम निघाले. आता भाव. इथे बहुतेक जण चुकतात, आणि ती चूक आपल्या सौद्याच्या सवयीतून येते: दोष सापडला की घासाघीस करायची, रक्कम पाडून घ्यायची आणि टाळी द्यायची. जरा गणित करू. शेड २० बाय १५ मीटर, माती २ मीटर खोल खराब. झाले ६०० घनमीटर, घनमीटरला १.८ टन धरून १,०८० टन. खोदाई, वाहतूक, प्रक्रिया, पुरणे आणि परत चांगला भराव असा सगळा खर्च टनाला ५,००० रुपये धरला, तर ५४ लाख. खोदताना कळले की खराबी ३ मीटरपर्यंत आहे, की ८१ लाख. एका मीटरच्या अंदाजात २७ लाखांचा फरक, आणि यात भूजल धरलेलेच नाही. अशा वेळी ‘चला, ३० लाख कमी करतो’ म्हणणारा विकणारा उदार नाही. तो ३० लाखांत स्वतःची अनिश्चितता तुम्हाला विकतो आहे. सूट ही ठाम असते, खर्च ठाम नसतो.

म्हणून माझे मत असे की दूषित जमिनीच्या सौद्यात भाव ही शेवटी बोलायची गोष्ट आहे. आधी बोलायचे ते सफाई कोणाच्या नावावर होणार यावर. प्लॉट विकणाऱ्याच्या नावावर असताना त्याने त्याच्या परवानगीने, त्याच्या मॅनिफेस्टवर कचरा तळोज्याला पाठवला, तर कागदावर तो कायम त्याचा कचरा राहतो. तुमच्या ताब्यानंतर निघाला की तुमचा. फरक पैशांपेक्षा मोठा आहे. हे शक्य नसेल तर मोबदल्यातला काही हिस्सा रोखून ठेवावा, एस्क्रो खात्यात किंवा बँक गॅरंटीवर, आणि फेरतपासणीचा अहवाल ठरलेल्या पातळीखाली आल्यावर सोडावा. इंडेम्निटी बाँड सगळेच लिहून देतात. तो देणाऱ्या कंपनीकडे हा प्लॉट सोडून दुसरे काही आहे का, हे विचारावे. एकुलती मिळकत विकून बंद होणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेडची हमी म्हणजे स्टॅम्प पेपरचा खर्च. संचालकांची वैयक्तिक हमी मागावी. राष्ट्रीय हरित लवादाकडे नुकसानभरपाईसाठी जायला पाच वर्षांची मुदत आहे, आणि ती कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात, हे ध्यानात ठेवून हमीची मुदतही त्याहून तोकडी असू नये.

दुसरे, तुम्ही तिथे काय करणार आहात. खाली काँक्रीटचा स्लॅब टाकून गोदाम चालवायचे असेल तर पुष्कळ खराबी झाकून, नजर ठेवून चालते. दोन मजले तळघर खणून वर घरे बांधायची असतील तर तीच माती खणून काढावी लागेल आणि पायाच्या खड्ड्यात साचलेले पाणी उपसून कुठे सोडायचे हा वेगळाच प्रश्न उभा राहील. एकाच प्लॉटची एकाला किंमत असते आणि दुसऱ्याला तो बोजा असतो. हे विकणाऱ्याला पटवता आले तर निम्मी घासाघीस संपते. एमआयडीसीचा प्लॉट तर तसाही मालकीचा नसतो, साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यातले उरलेले हक्क असतात. आधी काही वर्षे वापरून पाहण्याचा करार आणि नंतर खरेदीचा पर्याय असाही मार्ग महामंडळाच्या परवानगीने चोखाळता येतो.

तिसरे, आणि काहीच सापडले नाही तरीही करायचे: ताबा घेण्याच्या दिवशीची मातीची आणि पाण्याची नोंद. दोघांच्या सह्यांनी, जागांच्या खुणांसह, साठेखताला जोडलेली. उद्या शेजारच्या कारखान्याचे पाणी तुमच्या बोअरला आले किंवा मंडळाने विचारले की हे कधीपासूनचे, तर हातात काहीतरी असते.

लिलावात यातले काहीच चालत नाही. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँक करते त्या सरफेसी लिलावात मिळकत ‘जशी आहे, जेथे आहे, जे काही आहे’ तत्त्वावर जाते. बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले सर्वसाधारणपणे १५ दिवसांत. पंधरा दिवसांत नमुन्याचे निकाल येतीलच असे नाही. दिवाळखोरी संहितेत २०२० मध्ये आलेल्या कलम ३२अ ने नव्या मालकाला जुन्या व्यवस्थापनाच्या गुन्ह्यांतून सोडवले खरे; पण सुटका खटल्यातून आहे, मातीतल्या क्रोमियममधून नाही. बाजारभावाच्या निम्म्यात गेलेल्या रासायनिक कारखान्याच्या बातम्या वाचून ज्यांना मोह होतो त्यांनी एवढे करावे: लिलावाआधीच्या पाहणीच्या दिवशी वकील एकटा पाठवू नये.

फ्लॅट घेणाऱ्याला तर घासाघिशीला जागाच नसते. रेरा कायद्याने जमिनीचे टायटल सदोष निघाले तर बिल्डरकडून भरपाई मागायला मुदतीचे बंधन ठेवले नाही. बांधकामातल्या दोषाला पाच वर्षे दिली. मातीतल्या विषाचे नाव त्यात नाही. पण एक कागद आहे आणि तो फार थोडे जण मागतात. २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात माती आणि भूजलाचे नमुने तपासून जड धातू व विषारी द्रव्ये पाझरण्याचा धोका नाही याची खात्री करावी, ही अट नेहमी असते. मंजुरीची पत्रे परिवेश पोर्टलवर कोणालाही दिसतात. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात जाऊन त्या तपासणीचा अहवाल मागा. समोरची मंडळी गोंधळतील, मॅनेजरला बोलावतील. मागाच.

बँका, वकील आणि महामंडळे यांनी ठरवले तर हे सगळे एका वर्षात रुळेल. बँकेने जुन्या औद्योगिक जागेवर कर्ज देताना टायटल रिपोर्टबरोबर मातीचा अहवाल मागायला सुरुवात केली, एमआयडीसीने हस्तांतराच्या अर्जाला तो जोडायला सांगितला, तर विकणाऱ्यांना आजची लपवाछपवी परवडणार नाही. तोवर प्रत्येकाला आपापले पाहावे लागेल. तेव्हा पुढची इसार पावती लिहिताना तिच्यात एक ओळ वाढवा: घेणाऱ्याला ४५ दिवसांत स्वखर्चाने बोअर मारून माती व पाणी तपासण्याची मुभा राहील आणि निकाल समाधानकारक नसल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. ही ओळ सहीआधी फुकट मिळते. सहीनंतर ती कुठल्याही भावाने मिळत नाही.